आठवडी बाजाराचा दिवस आणि गोठ्याच्या वेळा : तालुक्याची कामे कशी आखावीत

आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला निघालेल्या माणसाच्या डोक्यात किती कामे असतात, हे मराठवाड्यातल्या शेतकरी घराला वेगळे सांगण्याची गरज नाही. सेतू केंद्रातला दाखला, बँकेतले पासबुक, मोंढ्यात आडतीवर राहिलेली हिशेबपट्टी, लोहाराकडे द्यायचे विळे-खुरपी, सरकी पेंडीचे पोते, आठवड्याचा भाजीपाला, शेळ्यांचे जंताचे औषध अशी यादी वाढत जाते आणि बहुधा आठवेल त्या क्रमाने उरकली जाते. या धावपळीत जनावरांची कामे सर्वांत मागे पडतात, कारण जनावर आठवण करून देत नाही. म्हणून या लेखात आखणी उलट बाजूने केली आहे. आधी गोठ्याच्या वेळा ठरवायच्या आणि त्यांच्या मधे जी जागा उरेल तिच्यात बाकीची कामे बसवायची. दाखला उद्या मिळू शकतो, पेंडीचे पोते पुढच्या बाजाराला आणता येते. पण दुपारी दोनला उन्हात सापडलेल्या म्हशीला सावली तेव्हाच लागते, आणि सकाळी माजावर दिसलेल्या गायीची संध्याकाळ टळली तर पुढच्या माजासाठी साधारण एकवीस दिवस थांबावे लागते.

घरी एखादी दुभती गाय किंवा म्हैस, बैलजोडी, चार-सहा शेळ्या आणि अंगणात एक कुत्रा आहे, असे धरून पुढची माहिती दिली आहे. जनावरे कमी-जास्त असली तरी क्रम तोच राहतो.

आदल्या संध्याकाळी

सर्वांत आधी बाजाराचा वार पाहावा. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू आहे, त्यामुळे आपल्या तालुक्याचा बाजार शनिवारी किंवा रविवारी भरत असेल तर तहसीलचे काम त्या दिवशी होणार नाही हे धरूनच निघावे. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. पशुवैद्यकीय दवाखान्याची बाजाराच्या दिवसाची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्यावी. डॉक्टर लसीकरणासाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी एखाद्या गावाला जाणार असतील तर तेही तेव्हाच कळते. सातबाऱ्यासाठी तर फेरी मारण्याचे कारणच उरलेले नाही. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत मिळतो आणि तो शासकीय कामाला चालतो. असे एकेक काम घरूनच झाले की गोठ्यासाठी तासभर सुटतो.

मग उरलेली यादी लिहून काढावी आणि प्रत्येक कामासमोर एकच खूण करावी : हे काम वेळेत बंद होणारे आहे, नासणारे आहे की जड आहे. दवाखाना, बँक, तहसील ही बंद होणारी कामे सकाळी करावीत. लस, भाजी, खवा हे नासणारे सामान परतीच्या तोंडावर घ्यावे. पेंड, खत, लोखंडी सामान हे जड असते, त्याचा भाव सकाळीच करून ठेवावा आणि उचल शेवटी करावी. कारागिरांची कामे या तिन्हींत बसत नाहीत. ती सकाळी द्यावी लागतात आणि दुपारी परत घ्यावी लागतात. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

जनावरांची तयारीही याच वेळी होते. ज्या जनावराबद्दल डॉक्टरांना विचारायचे आहे त्याच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लिहून घ्यावा. जनावर लंगडत असेल, खोकत असेल किंवा रवंथ करत नसेल तर मोबाइलवर मिनिटभराचे चित्रण करावे; गोठ्यात उजेड पुरेसा नसेल तर जनावराला अंगणात चालवून ते घ्यावे. “चार दिवसांपासून खात नाही” या वाक्यापेक्षा तेवढे चित्रण डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगते. मात्र आजारी जनावराला बाजाराच्या दिवशी तालुक्याला नेऊ नये. गर्दी, ऊन आणि प्रवास यांनी त्याचे हाल होतात आणि आजार संसर्गाचा असेल तर तो बाजारातल्या दहा गावांच्या जनावरांत पसरतो. अशा वेळी १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन करून फिरते पशुवैद्यकीय पथक मागवता येते.

जंताच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि अंदाजाने सांगितलेले वजन बहुधा चुकते. घरात वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजावा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी, घेराला घेराने गुणून त्याला लांबीने गुणावे आणि आलेल्या संख्येला ६६० ने भागावे. उत्तर किलोमध्ये येते. घेर २८ इंच आणि लांबी २६ इंच असलेली शेळी या हिशेबाने ३१ किलोच्या आसपास भरते. प्रत्येक शेळीचा आकडा कागदावर लिहून न्यावा आणि कोणती गाभण आहे तेही त्यासमोर लिहावे. अल्बेंडाझोलसारखे औषध गाभणपणाच्या सुरुवातीच्या दिवसांत देऊ नये, आणि ही माहिती आपण दिली नाही तर समोरच्याला ती कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.

पहाटे, घर सोडण्यापूर्वी

धार रोजच्याच वेळेला काढावी. लवकर निघायचे म्हणून ती दीड-दोन तास अलीकडे ओढली आणि परतायला उशीर झाला तर दोन धारांमधले अंतर फार वाढते, कास ताठते आणि कासदाहाला निमित्त मिळते. संध्याकाळच्या धारेपर्यंत परतणे शक्य नसेल तर धार काढणारे माणूस आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. जनावराच्या ओळखीचे माणूस असेल तर उत्तम. अनोळखी हाताला पुष्कळ गायी पान्हा सोडत नाहीत.

जनावर बांधताना सकाळची सावली पाहून बांधू नये. दुपारी बारा ते चारच्या दरम्यान सावली कुठे असेल त्याचा विचार करून खुंटा निवडावा. लिंबाच्या झाडाखाली सकाळी आठला गार वाटणारी जागा दुपारी दोनला भर उन्हात येते आणि दाव्याला बांधलेले जनावर सरकू शकत नाही. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असतो, म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे तिला हा फरक सर्वांत आधी जाणवतो. त्या दिवसांत मोठ्या जनावराला साठ-सत्तर लिटरपर्यंत पाणी लागू शकते. एकदा हौद भरून ठेवला म्हणजे काम झाले असे समजू नये, कारण उन्हात तापलेले पाणी जनावर पोटभर पीत नाही. दुपारी एकदा ताजे पाणी दाखवणारे कोणीतरी हवे.

कडबा कुट्टी करून ठेवली असेल तर दिवसभराची वैरण एकदम न टाकता अर्धी गव्हाणीत टाकावी आणि अर्धी बाजूला ठेवून दुपारी टाकायला सांगावे. शेळ्यांना पायदळी आलेला चारा चालत नाही. शेवरी-सुबाभळीच्या फांद्यांची पेंढी त्यांच्या तोंडाच्या उंचीला टांगून ठेवली तर त्या दिवसभर थोडे थोडे खात राहतात. धान्याच्या खोलीला आणि पेंडीच्या पोत्यांना कडी लावल्याची खात्री स्वतः करावी. सुटलेल्या शेळीने ज्वारी किंवा गहू भरपूर खाल्ला तर पोटात आम्ल वाढते, पोट गच्च होते आणि शेळी एका रात्रीत दगावू शकते. युरियाचे फुटके पोते गोठ्याजवळ असेल तर तेही हलवावे, कारण खारट चव शोधणारे जनावर ते चाटते आणि त्याला विषबाधा होते.

मागे राहणाऱ्या माणसाला तोंडी सूचना द्याव्यातच, पण त्या भिंतीवर खडूने लिहूनही ठेवाव्यात. घरी आजोबा असोत की शेजारच्या काकू, दुपारच्या कामात सांगितलेले विसरण्याचा दोष त्यांना देता येत नाही. एक सूचना मात्र ठळक लिहावी : कोवळ्या ज्वारीत आणि ज्वारी काढल्यावर फुटलेल्या फुटव्यांत जनावर सोडायचे नाही. फुलोऱ्यापूर्वीच्या ज्वारीत, विशेषतः पावसाने ताण दिला असेल तर, हायड्रोसायनिक आम्लाचे प्रमाण वाढते आणि जनावराला किरळ लागते. धाप लागते, तोंडाला फेस येतो, जनावर थरथरून पडते. उपचाराला वेळ फार थोडा मिळतो आणि तो उपचार डॉक्टरांकडचाच असतो. अशा वेळी आपण गावात नसतो, म्हणून डॉक्टरांचा क्रमांक आणि १९६२ हे दोन्ही आकडे त्याच भिंतीवर हवेत.

कुत्र्याला बाजारात नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाजारातली मोकाट कुत्री त्याच्यावर धावून येतात, डांबरी रस्ता तळव्यांना चटके देतो आणि गर्दीत घाबरलेले कुत्रे सुटले तर सापडणे कठीण होते. त्याला घरी लांब दोरीने सावलीत बांधावे आणि पाण्याचे मातीचे परळ अर्धे जमिनीत पुरून ठेवावे, म्हणजे दोरीचा धक्का लागून ते कलंडत नाही. रेबीजच्या लसीसाठी न्यायचेच असेल तर बाजार नसलेला वार निवडावा, निघण्यापूर्वी तीन-चार तास खायला देऊ नये, आणि तोंडाला सुती पट्टी बांधायची झाल्यास ती सुईपुरतीच बांधावी. कुत्रे तोंड उघडून धापा टाकत अंगातली उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे प्रवासभर तोंड बांधून ठेवणे जिवावर बेतू शकते.

तालुक्यात पहिला थांबा : पशुवैद्यकीय दवाखाना

बहुतेक लोक तहसीलपासून सुरुवात करतात, परंतु दवाखाना आधी घ्यावा. सकाळी डॉक्टर जागेवर भेटण्याची शक्यता जास्त असते आणि तिथे जे कळते त्यावर दिवसाची बाकीची खरेदी अवलंबून असते. शेणाची तपासणी करायची असेल तर त्याच सकाळचे ताजे, जमिनीला न लागलेले शेण छोट्या स्वच्छ डबीत, सावलीत ठेवून न्यावे. जंत कोणते आहेत ते कळले की औषध नेमके मिळते. दर वेळी तेच औषध दिल्याने जंतांवर त्याचा परिणाम कमी होत जातो.

लसींचे वेळापत्रक वहीत उतरवून घ्यावे. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, सहा महिन्यांच्या अंतराने दिली जाते. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी द्यायच्या असतात, म्हणजे मे महिन्यातल्या बाजारालाच त्यांची चौकशी करायला हवी. शेळ्यांची आंत्रविषाराची लसही पावसाळ्याआधीची. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या संसर्गजन्य रोगाची लस तीन-चार महिन्यांच्या वयानंतर एकदा दिली की साधारण तीन वर्षे संरक्षण देते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदाच दिली जाते आणि हे वय हातचे गेले तर ती संधी गेली. २०२२ मध्ये लम्पीने राज्यात जी हानी केली ती पाहिल्यानंतर त्या लसीबद्दलही दर वर्षी विचारावे. कुत्र्याला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांचे झाल्यावर, नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी मात्रा आणि पुढे दर वर्षी एक.

माजावर आलेल्या गायीचा हिशेब सोपा आहे. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी कृत्रिम रेतन करून घ्यावे. म्हणून बाजाराच्या दिवशी पहाटे गाय हंबरत असेल, सोट (चिकट स्राव) टाकत असेल, दुसऱ्या जनावराखाली स्थिर उभी राहत असेल तर दवाखान्यात ते पहिल्यांदा सांगावे आणि संध्याकाळची वेळ पक्की करूनच बाहेर पडावे. घरी देवणी किंवा लाल कंधारी गाय असेल तर त्याच जातीची रेतमात्रा आहे का, असे आवर्जून विचारावे. लातूर-नांदेडच्या या दोन्ही जाती आपल्या उन्हाला आणि कमी चाऱ्याला टिकणाऱ्या आहेत, आणि मागितल्याशिवाय दिले जाईल ते घेण्याच्या सवयीने त्यांचे शुद्ध रक्त कमी होत जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

औषधांविषयी तीन गोष्टी न विसरता विचाराव्यात. पहिली, औषध दिल्यानंतर किती दिवस दूध विकायचे नाही. प्रतिजैविकांचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपल्याच गावातली लेकरे पितात. दुसरी, दुखण्यावरचे इंजेक्शन कोणते आहे. डायक्लोफेनॅकचा जनावरांसाठी वापर २००६ पासून देशात बंद आहे, कारण ते दिलेल्या जनावराचे मढे खाल्ल्याने गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली; २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. तिसरी गोष्ट कुत्र्या-मांजरांची. माणसांच्या तापाची किंवा अंगदुखीची गोळी त्यांना देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

शस्त्रक्रियेचे किंवा अवघड निदानाचे काम असेल आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी पुढे पाठवले तर मराठवाड्यात परभणी आणि उदगीर या दोन ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यासाठी वेगळा दिवस काढावा.

कारागिरांची दुकाने

लोहार, सुतार, दोरखंडवाले, कुंभार, चर्मकार यांच्याकडची कामे यादीत शेवटी ढकलली जातात आणि मग “पुढच्या बाजाराला या” असे ऐकून परतावे लागते. यात कारागिराचा दोष नसतो. दुपारी बाराला त्याच्यापुढे अर्ध्या तालुक्याची अवजारे पडलेली असतात. दवाखान्यातून निघाल्यावर तहसीलकडे वळण्यापूर्वीच अवजारे त्याच्याकडे टाकावीत, म्हणजे कार्यालयातला रांगेचा वेळ आणि भट्टीचा वेळ एकाच वेळी चालतो.

लोहाराला अवजार देताना ते कशासाठी वापरायचे ते सांगावे. ऊस तोडायचा कोयता, कडबा कापायचा विळा आणि काळ्या रानात चालणारे खुरपे यांना लागणारी धार आणि पाणी एकसारखे नसते. लोखंड तापवून पाण्यात बुडवले की पाते कडक होते. फार कडक झाले तर खड्याला लागून उडते, मऊ राहिले तर दोन तासांत बोथटते. चांगला लोहार हे प्रमाण पात्याच्या रंगावरून ओळखतो, आणि त्याला जमिनीचा पोत माहीत असेल तर त्याचे काम आणखी नेमके होते. दांड्यासाठी वाळलेले बाभळीचे लाकूड घरून नेले तर खर्च वाचतो आणि दांडा हातात बसतो. मजुरी काम देतानाच ठरवावी. ठरल्यावर परत घेताना घासाघीस करू नये. तयार पत्र्याच्या अवजारांनी या लोकांचे काम आधीच निम्मे नेले आहे, आणि तालुक्याला एक भाता बंद पडला की मोडलेला फाळ जोडून द्यायला दुसरा कोणी येत नाही.

बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकून घ्यायच्या असतील तर नालबंदाला गावात बोलावणे बरे. बैलाला बाजारात चालवत नेऊन आडवा पाडून पत्र्या मारायच्या आणि पुन्हा त्याच दिवशी चालवत आणायचे, हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. नालबंद कोणत्या बाजाराला येतो ते विचारून त्याला वार द्यावा, शक्यतो सकाळचा आणि मऊ जमिनीचा.

दोराच्या दुकानात नायलॉनच्या वेसणी रंगीत आणि स्वस्त दिसतात. त्या घेऊ नयेत. नायलॉन भिजत नाही, झिजत नाही हे खरे असले तरी ओढ बसली की तो नाकाच्या कातड्यात रुततो आणि उन्हाळ्यात त्या जखमेत अळ्या पडतात. वेसण आणि म्होरकी सुताची घ्यावी, कासरा मात्र नायलॉन मिसळलेला चालतो. गळ्यातल्या दाव्याला पीळ सोडणारी फिरकी बसवून घेतली तर दिवसभर एकटे असलेले जनावर गुरफटत नाही.

कुंभाराकडून परळ घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. नाद ठणठणीत असेल तर तडा नाही. कुत्र्यासाठी एक, कोंबड्यांसाठी एक आणि झाडाखाली पाखरांसाठी एक, अशी तीन घेतली तरी खर्च फारसा होत नाही. पोळ्याच्या आधीच्या बाजाराला मात्र यांपैकी कोणाकडेही सवड नसते. झुली, गोंडे, घुंगरमाळा, बाशिंगे यांची गर्दी असते, म्हणून दुरुस्तीची कामे श्रावण लागताच उरकावीत. शिंगांना लावण्यासाठी ऑइल पेंट घेऊ नये. तो उतरवायला रॉकेल लागते आणि रंग काय, रॉकेल काय, दोन्ही जनावराच्या डोळ्यांजवळ येतात. गेरू पुरतो आणि तो शोभूनही दिसतो.

मोंढा, पेंड आणि नवीन जनावर

कार्यालयाची कामे झाली की मोंढ्याकडे वळावे. माल आणला असेल तर हिशेबपट्टीवर वजन, भाव, हमाली आणि तोलाई वेगवेगळी लिहून घ्यावी. बाकी मोंढ्याविषयी येथे एवढेच पुरे, कारण आपला विषय पेंडीचा आहे. पेंडीचे पोते उघडायला सांगावे, खडा फोडून आतून वास घ्यावा आणि हात आत घालून ऊब लागते का ते पाहावे. कुबट वास किंवा हिरवट-काळी बुरशी असेल तर भाव कितीही कमी असला तरी घेऊ नये. त्या बुरशीचे विष गाभण जनावराला बाधते आणि दुधातही उतरते. सोबत क्षार मिश्रण घ्यावे. सोयाबीनची गुळी आणि ज्वारीचा कडबा यांवरच ज्या घरची जनावरे राहतात तिथे ते चुकवू नये, कारण वेळेवर माजावर न येणाऱ्या पुष्कळ गायींचे दुखणे क्षारांच्या कमतरतेचे असते.

जनावर विकत घ्यायचे असेल तर घाई करू नये. उदगीर तालुक्यातला हाळी-हंडरगुळीचा गुरांचा बाजार आणि लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा येथे दूरदूरची जनावरे येतात आणि पारख करायला वाव मिळतो. तालुक्याच्या बाजारात निवड कमी, पण विकणाऱ्याचे गाव माहीत असते. शेळीची निवड करताना आपली उस्मानाबादी सोडून दुसरीकडे पाहण्याचे फारसे कारण मला दिसत नाही. ती जुळी देते, उन्हाला खचत नाही आणि बांधावरच्या पाल्यावरही तग धरते. दात पाहावेत, दोन्ही सड मोकळे आहेत का ते दाबून पाहावे, शेपटीखाली हगवणीचे डाग आहेत का ते बघावे आणि थोडे चालवून पाहावे. कानात बिल्ला नसेल तर व्यवहार करू नये. बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीस राज्यात १ जून २०२४ पासून मनाई आहे. बाजार समितीची पावती घ्यावी. शेळीला पाय बांधून मोटारसायकलला उलटी टांगून आणू नये. टमटममध्ये भुसा अंथरून, उभी राहू शकेल अशी आणावी.

परतीचा भार

लस किंवा थंडाव्यात ठेवायचे औषध विकत घेतले असेल तर ते २ ते ८ अंशांतच राहिले पाहिजे. थर्मासात बर्फ घालून त्यात ठेवावे, परंतु बाटली बर्फाला चिकटू देऊ नये. तिला कागदात गुंडाळावे. गोठलेली लस बहुधा निकामी होते आणि ती वरून ओळखू येत नाही. मोटारसायकलच्या डिकीत उन्हात ठेवलेल्या लसीचेही तेच. दवाखान्यातूनच लस टोचून घेणे हा नेहमी पहिला पर्याय ठेवावा.

गाडीत सामान भरताना कीटकनाशकाच्या बाटल्या आणि पेंड एकत्र येऊ देऊ नयेत. बाटल्या झाकणाच्या बादलीत, मागच्या कोपऱ्यात, पेंडीपासून दूर ठेवाव्यात. भाजी आणि लेकरांचा खाऊ सर्वांत वर. स्वतःसाठी सकाळीच घरून धपाटे आणि पाण्याची बाटली नेलेली असावी. उपाशी माणूस दुपारनंतरची कामे गडबडीत करतो आणि त्या गडबडीचा फटका शेवटी गोठ्याला बसतो.

घरी आल्यावर

गुरांच्या बाजारातून आलेल्या माणसाने थेट गोठ्यात जाऊ नये. लाळ्या-खुरकुताचा विषाणू चपलांच्या तळव्यांवरून, गाडीच्या चाकांवरून आणि कपड्यांवरून घरी येतो. एक लिटर पाण्यात चाळीस ग्रॅम धुण्याचा सोडा मिसळून त्या पाण्याने चपला आणि चाके धुवावीत, हातपाय साबणाने धुवावेत, कपडे बदलावेत आणि मगच जनावरांना हात लावावा. हे दहा मिनिटांचे काम आहे आणि गोठ्याच्या दारात सोड्याच्या पाण्याने भिजवलेले पोते कायम टाकून ठेवले तर आणखी सोपे होते.

त्यानंतर आधी पाणी, मग वैरण, मग धार. दिवसभर तहानलेल्या जनावराला एकदम पोटभर पाणी न देता थोड्या थोड्या वेळाने दोन-तीनदा द्यावे. वैरण टाकल्यावर लगेच घरात न जाता प्रत्येक जनावराकडे एकदा नीट पाहावे. रवंथ चालू आहे का, शेण नेहमीसारखे आहे का, डावी कूस फुगलेली नाही ना, नाकपुड्यांवर ओलावा आहे का, एवढे पाहायचे. कूस ढोलासारखी ताणलेली असेल आणि जनावर अस्वस्थ असेल तर घरगुती काढा नळीने घशात ओतण्याचा प्रयत्न करू नये, कारण तो फुप्फुसात जातो. पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करावे आणि डॉक्टरांना बोलवावे.

कुत्र्याच्या बोटांमधून, कानांच्या आतून आणि बगलेतून बोटे फिरवून कुसळे आणि गोचीड पाहावेत. गोचीड हाताने चिरडू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा आणि साबणाच्या पाण्यात टाकावा. दिवसभरात बाजारात किंवा गावात कोणाला कुत्रा चावला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-मिरची-चुना काहीही लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. दंडात दिल्या जाणाऱ्या लसीच्या मात्रा पहिल्या दिवसापासून मोजून ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी असतात आणि त्यांतली एकही चुकवायची नसते. जनावराला पिसाळलेला कुत्रा चावला असेल तर त्याचीही जखम तशीच, हातमोजे घालून धुवावी आणि डॉक्टरांना सांगावे.

शेवटी वही काढावी. बिल्ल्याचा क्रमांक, दिलेले औषध, मात्रा, दूध न विकण्याचा शेवटचा दिवस, रेतन केल्याची तारीख आणि जातीचे नाव, एवढे लिहायला पाच मिनिटे लागतात. रेतनाच्या तारखेपुढे एकविसाव्या दिवसाची तारीख लगेच टाकावी, कारण त्या सुमारास माज पुन्हा दिसला नाही तरच गाय गाभण असण्याची आशा धरता येते. खात्री दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासूनच करायची. नवीन आणलेल्या शेळीचे पानही त्याच रात्री उघडावे. तिला कळपात सोडू नये. वेगळ्या छपरात, वेगळ्या भांड्यात पाणी देऊन एकवीस दिवस ठेवावे, तिचे काम घरच्या शेळ्यांचे काम झाल्यावर करावे, रोज ताप, खोकला, हगवण आणि तोंडातले फोड पाहावेत, या काळात जंताचे औषध द्यावे, पीपीआरची लस झालेली नसेल तर डॉक्टरांना विचारून ती टोचून घ्यावी, आणि एकविसावा दिवस निरोगी गेला की सकाळच्या वेळी, गव्हाणीत भरपूर पाला टाकलेला असताना तिला कळपात सोडावे.